थांबा क्रमांक सतरा-अ

१

आमच्या स्टँडवर मोठं घड्याळ एकच आहे आणि ते माझ्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलेलं आहे. मला सोडून सगळ्यांना ते दिसतं. तरीही लोक खिडकीशी येऊन मलाच वेळ विचारतात आणि मी मनगटाकडे बघून सांगतो. बावीस वर्षं मी हेच करतो आहे. हुद्दा नियंत्रक. नावात दम आहे, पण काम एवढंच, की गाडी आली की वाहकाकडून नोंदकागद घ्यायचा, वेळ लिहायची, शिक्का मारायचा आणि उशीर झाला असेल तर तोंड वाकडं करायचं.

आमचा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो. सहाशे चाळीस किलोमीटर, आणि आमचं गाव त्याच्या पोटात. मोठं इस्पितळ दक्षिणेला, कोर्ट आणि कॉलेजं उत्तरेला. म्हणजे आजारी पडलं की माणूस खाली जातो आणि भांडण झालं की वर. मधल्या पन्नाससाठ गावांचं येणंजाणं, लग्नं, नोकऱ्या, मयती, सगळं या एका रस्त्यावर चालतं. रस्ता सरळ असल्याने उन्हाचा हिशेबही सरळ. उत्तरेला येणाऱ्या गाडीत सकाळी उजवीकडचे भाजतात, दुपारी डावीकडचे. नेहमीचे प्रवासी त्याप्रमाणे जागा धरतात आणि नवखे घाम पुसत बसतात.

दुपारची गाडी साडेबाराला दक्षिणेहून सुटते आणि तीन पंचवीसला माझ्यासमोर येऊन उभी राहते. तिच्यावर वाहक माझी बायको. चालक मामा. तो कुणाचाच मामा नाही, पण तीस वर्षं सगळे त्याला मामा म्हणतात आणि आता त्याची बायकोसुद्धा चुकून म्हणते.

आम्ही घरात दोघंच. एकोणीस वर्षांच्या संसारात बायकोने माझं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलेलं नाही. मी पाऊस येणार म्हटलं की ती नाही म्हणणार आणि छत्री घेऊन निघणार. मला याचा राग यायचा, असं मी सगळ्यांना सांगायचो.

त्या सोमवारी गाडी तीन छत्तीसला आली. मी लिहिलं, अकरा मिनिटं उशीर. मंगळवारी तीन छत्तीस. बुधवारी तीन छत्तीस. शुक्रवारी मी गाडी यायच्या आधीच वेळ लिहून ठेवली आणि ती बरोबर निघाली.

बावीस वर्षांत मी उशिराचे सगळे प्रकार पाहिले आहेत. पंक्चर, जनावरं, मोर्चा, गाडीतच झालेलं बाळंतपण. पण उशीर कधी मोजूनमापून येत नाही. आज चार मिनिटं, उद्या चाळीस. मोजून येते ती वेळ. उशीर मोजून यायला लागला याचंच मला बरं वाटेना.

२

‘उशीर कसला?’ बायको म्हणाली. ‘माझा कागद बघा. प्रत्येक थांब्याची वेळ लिहिली आहे.’

कागद बघितला. तिच्या अक्षरात सगळे थांबे अगदी वेळेवर होते. शेवटी आमचं स्टँड, तीन पंचवीस.

‘आणि माझ्या डोक्यावरच्या घड्याळात तीन छत्तीस वाजलेत, ते?’

‘मग ते घड्याळ बिघडलंय.’

‘माझ्या हातातलंही?’

‘तुमच्या हातातलं तर लग्नापासून बिघडलेलं आहे.’

मी तिचं मनगट धरून घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं मागे होतं. रोज सकाळी काटे पुढे करावे लागतात, सेल संपत आला असेल, असं म्हणून तिने विषय मिटवला. मी नवा सेल घातला, सकाळी स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी काटे जुळवून दिले. दुपारी ती परत आली तेव्हा घड्याळ पुन्हा अकरा मिनिटं मागे. मामाच्या जुन्या किल्लीच्या घड्याळाचंही तेच. प्रवाशांचे फोन आपोआप बरोबर होतात, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. फक्त एका कॉलेजच्या मुलीने मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं, की गाणं चालू असताना फोनमधली वेळ टुणकन पुढे गेली.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. दोन घड्याळं एकदम बिघडू शकतात. गाडीत एखादी तार उघडी असेल, लोहचुंबकासारखं काही असेल. मी गॅरेजमधल्या मिस्त्रीला गाडी तपासायला लावली. त्याने तपासली आणि मला पाणी प्यायला सांगितलं.

मग कार्यालयातल्या पडद्यावर बघत बसलो. गाड्यांचे ठिपके महामार्गावरून मुंग्यांसारखे सरकत असतात. दुपारच्या गाडीचा ठिपका दोन वीसला सतराव्या थांब्यावर, पुलाशी होता. तिथून अठरावा थांबा, खाणीचा फाटा, नऊ मिनिटांवर. ठिपका पुलावरून निघाला, छोटा चढ चढला आणि गेला. म्हणजे थांबला नाही, अडकला नाही. पडद्यावर नुसता रस्ता राहिला. दोन चाळीसला तो खाणीच्या फाट्यावर पुन्हा उगवला. ठिपके बसवणारी कंपनी म्हणाली, तिथे रेंज नसेल. मी म्हटलं, बाकीच्या चौदा गाड्यांना असते. ते म्हणाले, कळवतो. त्यांनी आजतागायत कळवलेलं नाही.

३

महिना झाला तसं वरून पत्र आलं. दुपारची गाडी रोज उशिरा का येते याचा खुलासा करावा, अन्यथा चालक-वाहकांवर कारवाई होईल. मामाच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. बायकोने पत्र वाचलं आणि ती भडकली. ‘मी वेळेवर आहे. खुलासा त्यांनी करावा, आम्ही कुठे कमी पडतो याचा!’

मी तिला शांत करायला गेलो नाही, कारण आगीत तेल कोण ओतणार. मी दुसराच मार्ग काढला.

आमच्या खात्यात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण प्रत्येक नियंत्रक ती आपल्या वरच्याकडून शिकतो. एखादी गाडी नेमाने उशिरा येत असेल तर भांडत बसायचं नाही. तो उशीर वेळापत्रकातच घालून टाकायचा. रस्त्याचं काम चालू, असं लिहायचं किंवा एखादा विनंती थांबा दाखवायचा. उशीर कागदावर चढला की तो उशीर राहत नाही आणि गाडी वेळेवर येऊ लागते. मी आधी तीनदा केलं आहे, कुणाचं काही बिघडलं नाही.

मी नवा तक्ता केला. सतरा आणि अठराच्या मध्ये एक ओळ घातली. थांबा क्रमांक सतरा-अ. प्रकार, विनंती थांबा. वेळ, अकरा मिनिटं. नावाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. तिथे गाव नाही, घर नाही, झाडसुद्धा नाही. रकाना रिकामा सोडला, सही केली, शिक्का मारला. साहेबांनी न वाचताच मंजूर केलं, कारण साहेब वाचत नाहीत.

त्या संध्याकाळी मी घरी शिट्टी वाजवत गेलो. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली, असं मला वाटत होतं.

४

नवा तक्ता लागू झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी, जेवताना बायको म्हणाली, ‘तुमच्या खात्याने एक तरी काम धड केलं. सतरा-अची शेड चांगली बांधली आहे.’

‘कसली शेड?’

‘थांब्याची. पत्र्याची, आत सिमेंटचा लांबलचक बाक. मागे एक खोली पण आहे, दार उघडं होतं. स्वच्छ आहे हो. इतके दिवस दिसली कशी नाही, तेच कळेना.’

‘तू थांबलीस तिथे?’

‘तक्त्यात आहे तर थांबणार नाही? एक आजोबा उठले, म्हणाले, आला माझा थांबा. एक घंटी दिली, मामांनी गाडी उभी केली. आजोबांना हात धरून उतरवलं आणि डबल बेल देऊन निघालो.’ मग तिला काहीतरी आठवलं. ‘एक गंमत आहे. तिथे ऊन उजवीकडून येतं.’

‘दुपारी अडीचला?’

‘हो ना. सकाळसारखं.’

‘तुझा काहीतरी घोळ होतोय.’

‘घोळ तुमचा होतो. मला उजवं-डावं कळतं.’

आजोबांचं तिकीट आमच्या गावचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा स्टँडवर आला. इस्पितळातून सुटून वडील दुपारच्या गाडीत बसले, तिथल्या माणसाने स्वतः बसवून दिले, आणि घरी पोचले नाहीत. पोलिसांत सांगून झालं होतं. मी खोटं बोललो. म्हणालो, वाटेत कुठे उतरले असतील, विचारतो.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि खिडकीतून वाकून हळू आवाजात म्हणाला, ‘बाबांचा फोन आला होता.’

‘मग झालं तर! कुठे आहेत?’

‘पोचलो, म्हणाले. मी विचारलं, कुठे? तर पुन्हा तेच, पोचलो. मागे आवाज येत होते. बाकावर बसलेली माणसं सरकून जागा करून देतात ना, तसे. बाबा म्हणाले, तूही ये, जागा आहे.’

माझी सही, माझा शिक्का, माझ्या हाताने भरलेली ओळ. सांगणार काय आणि कोणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी तो दक्षिणेच्या गाडीत बसताना मला दिसला. परतीच्या दुपारच्या गाडीतून तो उतरला नाही.

५

मी मोटारसायकल काढली. पुलापाशी जाऊन थांबलो, दोन वाजल्यापासून. रस्ता मला पाठ आहे. पुलानंतर छोटा चढ, आणि चढाच्या पलीकडे चार किलोमीटर सरळसोट पट्टा. दोन्ही बाजूंना पडीक माळ. चढावर उभं राहिलं की खाणीच्या फाट्यावरची चहाची टपरी दिसते. मी आधी जाऊन बघून आलो. शेड नव्हती. बाक नव्हता. बायकोला भास होतो असं म्हणावं तर एकोणीस वर्षांत तिला कसला भास झाल्याचं मला आठवेना. भास व्हायला माणूस थोडा भोळा लागतो.

दोन वीसला गाडी पुलावरून गेली. मी पन्नास पावलं मागे राहून निघालो. मागच्या काचेतून माणसांची डोकी दिसत होती. कुणी पेंगत होतं, कुणी गप्पा मारत होतं. गाडी चढ चढली आणि पलीकडे उतरली. पाचसात सेकंदांत मीही चढावर पोचलो.

समोर चार किलोमीटर रस्ता रिकामा होता.

मी मोटारसायकल बंद केली. वारा होता. डाव्या गालावर ऊन होतं, जिथे असायला हवं तिथे. मी मनाशी सगळी कारणं लावून बघितली. चढाखाली वळण? नाही. खड्डा? अख्खी गाडी गिळणारा खड्डा नाही. मला चक्कर आली आणि मधला वेळ गेला? घड्याळ बघितलं, दोन तेवीस. वेळ गेला नव्हता.

मी उभा राहिलो. पाच मिनिटांनी आवाज आले. लांबून नाही, अगदी जवळून, जणू भिंतीपलीकडच्या खोलीतून. बसचं दार उघडल्याचा आवाज. बायकोचा आवाज, ‘सावकाश, आजी, पायरी उंच आहे.’ मग खूप माणसं एकदम थोडी थोडी सरकल्यासारखी सळसळ. मी तिला नावाने हाक मारली. हाक माळावर विरून गेली. मग दोनदा घंटी वाजली आणि गाडी पुढे दोन किलोमीटरवर धूर सोडत निघालेली दिसली, जणू काही झालंच नव्हतं.

मी मोटारसायकल वळवली आणि थेट साहेबांचं कार्यालय गाठलं.

६

थांबा रद्द करावा म्हणून मी त्याच दिवशी अर्ज दिला. साहेबांनी या वेळी मात्र वाचला. ‘वेडे आहात का? या मार्गावर सगळ्यात जास्त माणसं सतरा-अवर उतरतात. वरचे खूश आहेत.’

‘साहेब, तिथून चढत कुणी नाही.’

‘वस्ती वाढत असेल.’ तरी त्यांनी अर्ज पुढे पाठवला. मंजुरीला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले.

मी घरी गेलो तर बायको पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिने स्वतःहूनच सांगितलं, ‘आज मी पण उतरले जरा. बाकावर बसले. अहो, बरं वाटलं. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, तिथे काहीच दुखेना.’

मी तिच्यासमोर बसलो. सगळं सांगितलं. माझा तक्ता, आजोबा, त्यांचा मुलगा, रिकामा रस्ता. आता ती मला वेड्यात काढणार, निदान खोटा तक्ता केला म्हणून फाडून खाणार, याची तयारी ठेवूनच बोललो.

‘आता गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही,’ मी म्हणालो. ‘काही झालं तरी.’

‘बरं,’ ती म्हणाली.

‘शपथ?’

‘शपथ.’

‘आणि उद्यापासून रजा टाक.’

‘बरं, टाकते.’

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. मला वाटलं, तिने माझी भीती ओळखली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. एकोणीस वर्षांनी का होईना, बाई वळणावर आली. त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपलो. हे आठवलं की मला माझीच शरम वाटते.

सकाळी ती गणवेश घालून, खांद्याला पिशवी अडकवून निघाली. मी म्हटलं, अगं, रजा? ‘टाकली की,’ असं गोड हसून म्हणाली आणि गेली. तीन छत्तीसला गाडीतून उतरली, कागद माझ्या हातात दिला. रोज असंच. मी उतरू नकोस म्हणायचो, ती बरं म्हणायची. भाजीत मीठ नाही म्हटलं तर बरं, खिडकी लाव म्हटलं तर बरं. घर इतकं शांत झालं की नळाचा थेंब ऐकू यायचा.

मग आमच्या शेजारचा शिंपी डोळे दाखवायला दक्षिणेला गेला आणि परत आला नाही. त्याची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. ‘वहिनी, तुमच्याच गाडीत होते ना हो ते?’ माझ्या बायकोने तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि प्रेमाने सांगितलं, ‘पोचले ते. काळजी करू नका.’

मी ठरवलं, उद्या त्या गाडीत मी बसणार. ती थांबू द्यायची नाही आणि घंटीची दोरी हातातून सोडायची नाही.

‘या की,’ बायको म्हणाली. ‘माझ्याच गाडीने या.’

७

दारालगतची पहिली जागा धरली. गाडीत एकतीस माणसं होती, मी मोजली. मामाला आधीच जाऊन सांगितलं होतं, आज सतरा-अवर थांबायचं नाही. तो म्हणाला, ‘बाबा रे, मी तीस वर्षं आरशात बघत नाही, घंटी ऐकतो. एक वाजली की उभा, दोन वाजल्या की चालू. तुम्ही नवराबायको तिकडे काय ते ठरवा.’

पुलावरून निघालो. डाव्या गालावर ऊन भाजत होतं. चढ लागला. मी उठून उभा राहिलो आणि डाव्या हाताने छतालगतची घंटीची दोरी पकडली. उजव्या हाताने, पायरीशी उभ्या असलेल्या बायकोचं मनगट धरलं. तिने ओढून घेतलं नाही. चढाच्या टोकाला गाडी जराशी तरंगल्यासारखी झाली आणि ऊन बदललं. डावा गाल गार पडला, उजवा तापला.

एक घंटी वाजली. दोरी माझ्या हातात होती आणि मी ती ओढली नव्हती.

गाडी उभी राहिली. दार उघडलं. समोर शेड होती, अगदी ती सांगायची तशी, पत्र्याची, नीटनेटकी. माझ्यामागे चारपाच माणसं उठली, पिशव्या सावरू लागली. ‘चला, सतरा-अ,’ माझ्याजवळून बायकोचा आवाज आला.

‘कुणी उतरायचं नाही!’ मी ओरडलो. पण एक म्हातारी माझ्या हाताखालून वाकून गेलीसुद्धा. तिच्या मागे एक माणूस. मला एवढंच समजत होतं, की ही जी माझ्या मुठीत आहे तिला घेऊन इथून निघायचं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो. मी दोरी जोरात दोनदा ओढली.

मामाने गाडी चालू केली.

तेव्हा मी शेडकडे नीट बघितलं. आधी का बघितलं नाही, हे मी स्वतःला रोज विचारतो. बाक लांब होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लांब, आणि पूर्ण भरलेला. माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसली होती. त्यांच्यामागे त्या खोलीचं दार उघडं होतं. आतही बाक होते, त्यांच्यामागेही. कुणाला आणायला आलेल्यांसारखी ती सगळी गाडीच्या खिडक्यांतून एकेक चेहरा शोधत होती. शिंपी होता. आजोबा होते, शेजारी मुलगा.

अगदी टोकाला, खांद्याला वाहकाची पिशवी, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, माझी बायको बसली होती.

तिने मला बघितलं. ती ताडकन उठली, अनवाणीच पळत सुटली. गाडी थांबवायला माणूस करतो तसा एक हात वर केला होता. ऐकू काही येत नव्हतं, पण चेहरा लाल झाला होता, भुवया चढल्या होत्या. ती मला शिव्या घालत होती. एकोणीस वर्षं बघितलेलं तोंड आहे ते, ओठांवरून कळतं. ‘अहो, थांबवा की! मेल्या माणसा, थांबवा!’

मी एक घंटी द्यायला दोरीला हिसका देणार, एवढ्यात माझ्या मुठीवर दुसरा हात आला. पायरीवर उभी असलेली ती माझ्याकडे बघून हसत होती. हात मऊ होता आणि मला तो हलवता येईना.

‘राहू द्या ना,’ ती म्हणाली. ‘उशीर होतो.’

‘मामा!’ मी किंचाळलो. ‘मामा, थांब!’ मामाने घंटी ऐकली नव्हती. मामा फक्त घंटी ऐकतो.

ऊन पुन्हा डाव्या गालावर आलं. मी तिला ढकलून मागच्या काचेपर्यंत पळालो. रस्ता रिकामा होता, चढापर्यंत.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावून मंजुरीचं पत्र हातात दिलं. थांबा क्रमांक सतरा-अ तत्काळ प्रभावाने रद्द. ‘घ्या, तुमच्या मनासारखं झालं,’ साहेब म्हणाले. सतरानंतर अठरा. नवा तक्ता भिंतीवर लागला, जुना मी हातापाया पडून मागितला तरी रद्दीत गेला होता. त्या दुपारपासून गाडी एक मिनिट आधी नाही की एक मिनिट नंतर नाही, बरोबर तीन पंचवीसला येते. ठिपका पडद्यावरून नाहीसा होत नाही.

मी चढावर जातो. सुट्टीच्या दिवशी दुपारभर तिथे उभा राहतो. हाका मारतो. पहिले काही दिवस, वारा पडला की, भिंतीपलीकडून कुणी भांडतंय असं वाटायचं. आता तेही ऐकू येत नाही.

थांबा पुन्हा सुरू करावा म्हणून मी सात अर्ज दिले. साहेब म्हणतात, तिथे वस्ती नाही, शेड नाही, सर्वेक्षणात काही सापडलं नाही, कुणासाठी थांबायचं? मी लिहितो, एका प्रवाशासाठी. प्रवाशाचं नाव लिहा, म्हणतात. मी तिचं नाव लिहिलं की ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, अहो, त्या आत्ताच तर ड्युटीवर गेल्या.

रविवारी दुपारी मी आठवा अर्ज लिहीत बसलो होतो. ती मागून आली आणि खांद्यावरून वाकून वाचू लागली. मी कागद झाकला नाही. उलट पुढे सरकवला. त्यात सगळं होतं. तू ती नाहीस, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला वाटलं, आता तरी ताव चढेल, आता तरी कागद फाडेल.

तिने शेवटपर्यंत वाचला. ‘छान लिहिलंय,’ ती म्हणाली.

माझा बांध फुटला. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, लहान पोरासारखा. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

‘भांड माझ्याशी,’ मी म्हणालो. ‘एकदाच. हात जोडतो तुला, भांड.’

‘बरं,’ ती म्हणाली. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, पदर सारखा केला आणि सांगाल ते करायला तयार असल्यासारखी माझ्या तोंडाकडे बघू लागली.

‘कशावरून?’ तिने विचारलं.